नोकरी सांभाळून विद्यापीठात स्त्री अभ्यास शिकावा का?

ऋजुता_सांगली

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात कर्ज विभागात काम करते. शिक्षण वाणिज्य शाखेचे, वय चव्वेचाळीस. गेल्या वर्षी माझी बँकेच्या अंतर्गत समितीच्या (कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या) अध्यक्षपदी नेमणूक झाली. त्याचे कारण इतकेच, की ज्येष्ठतेच्या यादीत स्त्री अधिकाऱ्यांत माझे नाव पहिले होते. एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. त्यात २०१३ च्या कायद्याची कलमे पडद्यावर दाखवण्यात आली, चहा झाला आणि प्रमाणपत्रे वाटण्यात आली.

त्यानंतर समितीपुढे एक प्रकरण आले. गोपनीयतेचे बंधन असल्याने त्याविषयी इथे काहीही लिहिणार नाही. इतकेच सांगते, की कलमे मला कळत होती, परंतु समोरची बाई बोलता बोलता अमुक एका ठिकाणी का थांबते आणि साक्षीदार असलेल्या तिच्याच मैत्रिणी का फिरतात, याचा उलगडा होत नव्हता. तेव्हापासून हा विषय रीतसर शिकावा असे मनात आहे. पूर्णवेळ एम.ए. साठी पुण्याला राहणे शक्य नाही. घरून सल्ला मिळतो की चार पुस्तके वाच, त्यासाठी विद्यापीठ कशाला हवे.

या विषयात नेमके काय शिकवतात, दूरशिक्षण किंवा लहान मुदतीचा अभ्यासक्रम केला तर काही हाती लागते का, आणि इंग्रजी बेताचे असलेल्या माणसाचा त्यात निभाव लागतो का? ज्यांनी शिकले वा शिकवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

तात्या_पंत

हा अभ्यासक्रम आमच्या घरी कित्येक वर्षे विनाशुल्क चालू आहे. उपस्थिती सक्तीची असून फेरपरीक्षेची सोय नाही.

आरती_ठाणे

तात्या, त्या अभ्यासक्रमाच्या प्राध्यापिकेला मानधन किती देता, तेही जाहीर करा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. शिवाय ही सरासरी जे पुरुष अशा कामाला हात लावतात त्यांचीच आहे; जे लावतच नाहीत ते तिच्यात धरलेले नाहीत.

तात्या_पंत

त्या ९७ मिनिटांत मंडईतून भाजी आणण्याचा वेळ धरला आहे की नाही, याचा खुलासा व्हावा.

मृण्मयी

धरला आहे, तात्या. घरासाठीची खरेदी त्यातच मोजतात, तेव्हा आपले खाते अगदीच कोरे नाही.

ऋजुताताई, मी पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात एम.ए. केले. केंद्र १९८७ साली सुरू झाले. तिथल्या एम.ए.च्या नावात लिंगभाव, संस्कृती आणि विकास हे तिन्ही शब्द आहेत, आणि शिकवणेही साधारण त्याच व्याप्तीचे असते. मी तिथे जाताना माझी कल्पना अशी होती, की हुंडा, हिंसा, कायदे आणि थोर स्त्रियांची चरित्रे असे काहीतरी शिकवतील. प्रत्यक्षात सुरुवातीलाच गाठ पडली ती जनगणनेशी.

आम्हाला जनगणनेतील कामाविषयीचे प्रश्न देण्यात आले आणि आपल्या घरातल्या एका बाईला ते विचारून उत्तरे जशीच्या तशी लिहून आणायला सांगितले. इंदापूरकडच्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने आईला विचारले, "गेल्या वर्षभरात तू काही काम केलंस का?" आईने सांगितले, "मी कुठं काय करते? घरीच असते." हे सांगताना ती पोत्यावर बसून बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि पायाजवळ दाण्यांचा ढीग साचला होता. मैत्रिणीने उत्तर आणि ढीग या दोहोंची नोंद केली, आणि त्या एका कागदावर आमची पुढची कितीतरी तासांची चर्चा चालली. प्रश्न कोण विचारतो, कुणासमोर विचारतो, काम म्हणजे काय हे आधी कोणी ठरवले, आणि बाई स्वतःच आपले काम कामात का धरत नाही? मग कळले, की स्त्री संघटना आणि अभ्यासकांनी हा मुद्दा लावून धरल्यावर १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात 'शेतावर किंवा घरच्या उद्योगात केलेले बिनपगारी कामही धरावे' अशी भर पडली. घरी चार पुस्तके वाचून माहिती मिळते हे खरे, पण असा कागद उलटसुलट करून पाहण्याची सवय वर्गात लागते. माझ्या मते विद्यापीठात जाण्याचे मुख्य कारण तेच आहे.

इंग्रजीबद्दल सांगायचे तर वाचनाची यादी मोठ्या प्रमाणात इंग्रजी असते आणि तिचा त्रास होतो. आमच्या वर्गात तालुक्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेल्या मुली पुष्कळ होत्या. चर्चा दोन्ही भाषांत होई आणि लेखन मराठीतून करता येई. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (२०१३ मध्ये त्यांचे निधन झाले) यांनी या केंद्रात वर्गात कसे शिकवावे याचाच सैद्धांतिक विचार केला होता. फुल्यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचा धागा घेऊन त्यांनी फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनपद्धतीवर २०१० मध्ये जो निबंध लिहिला, त्यात इंग्रजी न येणारा विद्यार्थी 'कच्चा' ठरतो तो कुणाच्या मापाने, हा प्रश्न थेट विचारला आहे.

बाळकृष्ण_नाशिक

धागाकर्तीचा हेतू प्रामाणिक आहे यात शंका नाही, तरीही काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे आवश्यक वाटते. एक म्हणजे, या पदवीवर नोकरी मिळत नाही. दुसरे म्हणजे, या विभागांत अभ्यासापेक्षा भूमिका अधिक असते. निष्कर्ष आधी ठरलेला आणि पुरावे नंतर गोळा केलेले. ज्या व्यक्तीने चौकशी समितीत बसून दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत, तिने एका बाजूची विचारसरणी शिकून येणे न्यायाचे होईल का? खोट्या तक्रारींचा विषयही या अभ्यासक्रमांत कुणी काढत नाही. त्यापेक्षा कायद्याची पदविका करावी, असे मी सुचवीन.

वकीलबाई

बाळकृष्ण, खोट्या तक्रारींचा विषय कायद्यानेच काढलेला आहे. कलम १४ नुसार तक्रार दुष्ट हेतूने किंवा खोटी आहे हे माहीत असताना केली असे चौकशीत सिद्ध झाले, तर समिती कारवाईची शिफारस करू शकते. परंतु तक्रार केवळ सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे, आणि व्यवहारात लोक नेमके ते अर्धे वाक्य वाचत नाहीत.

मात्र तुमच्या शेवटच्या सूचनेशी मी बरीचशी सहमत आहे. ऋजुताताई, समितीच्या कामापुरते पाहिले तर तुम्हाला आधी हवी आहे ती प्रक्रियेवरची पकड. तक्रार तीन महिन्यांत यायला हवी, कारण योग्य असेल तर मुदत आणखी तीन महिने वाढवता येते, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, आणि साक्षीदाराला बोलावणे व कागदपत्रे मागवणे याबाबत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. हे पक्के असेल तर अर्धे काम होते. एम.ए. ही चांगली गोष्ट आहे, परंतु या कामाची ती अट नव्हे.

मृण्मयी

वकीलबाई, अट नव्हे हे मान्य. परंतु प्रक्रियेवर पकड असली की अर्धे काम होते, हे मला पटत नाही. कलम १० मधला सलोखा पाहा. तो फक्त तक्रारदार स्त्रीच्या विनंतीवरून व्हायचा आहे आणि पैशाची देवाणघेवाण त्याचा आधार असता कामा नये, हे कायद्यात स्वच्छ लिहिले आहे. प्रत्यक्षात ती विनंती तिच्या तोंडून कशी वदवून घेतली जाते, हे आपण दोघींनीही पाहिले असणार. घरी कळले तर नोकरी सुटेल ही भीती, वरिष्ठांचा समजावणीचा सूर, आणि "तुझंच नाव खराब होईल" हे वाक्य. ती विनंती खरोखर तिचीच आहे का, हे ओळखायला कलम पुरत नाही.

बाळकृष्ण, भूमिकेविषयी बोलू. ऋजुताताई आज जो कायदा राबवत आहेत, त्याच्या मुळाशी राजस्थानातील भंवरीदेवी आहेत. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात त्या 'साथिन' म्हणून काम करत होत्या, बालविवाह रोखणे हा त्यांच्या कामाचा भाग होता आणि ते काम केल्याबद्दल १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या कुंभार समाजातल्या, आरोपी गावातल्या वरचढ जातींचे. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. त्याआधीच, १९९२ मध्ये, संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून देणारा विशाखा निकाल आला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडले. या घटनाक्रमातली जात काढून टाकली, काम काढून टाकले, तर उरते ते "कार्यालयात सभ्यपणे वागा" अशी सूचना. प्रशिक्षणाच्या पडद्यावर तेवढीच उरलेली असते. दोन्ही बाजू ऐकण्यासाठी दोन्ही बाजूंची जमीन सपाट नसते हे माहीत असणे, याला तुम्ही विचारसरणी म्हणत असाल तर म्हणा. मला तो चौकशीतला प्राथमिक पुरावा वाटतो.

जुना_मास्तर

चर्चा चांगली चालली आहे. मी एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे या विषयाची विद्यापीठातली वाटचाल थोडी जवळून पाहिली आहे.

भारतात हा विषय एखाद्या कुलगुरूच्या मनात आले म्हणून सुरू झाला नाही. १९७१ मध्ये केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. १९७४ च्या अखेरीस समितीने अहवाल दिला आणि सुशिक्षितांना धक्का बसला. लोकसंख्येत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचे प्रमाण घसरत आहे आणि कामकरी म्हणून त्यांची गणनाही घटते आहे, हे त्यात आकड्यांनिशी होते. स्वातंत्र्यानंतर सगळे आपोआप सुधारत जाईल या समजुतीला सरकारी अहवालानेच तडा दिला, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांनाच प्रश्न पडला, की आपण इतकी वर्षे विद्यापीठांत शिकवत होतो तरी हे आपल्याला दिसले कसे नाही. त्याच १९७४ मध्ये मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले. १९८१ ची पहिली राष्ट्रीय परिषदही तिथेच भरली आणि पुढच्या वर्षी स्त्री अभ्यासाची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा पैसा येऊ लागला आणि केंद्रे वाढली.

दुखणे तिथूनच सुरू होते. ही केंद्रे पंचवार्षिक योजनेच्या अनुदानावर चालत होती, म्हणून कायम पदे नावापुरती असत, आणि दर योजनेच्या शेवटी जीव टांगणीला लागे. २०१७ मध्ये बारावी योजना संपताना देशभरातल्या केंद्रांतल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी आपली नोकरी असेल की नाही हे ठाऊक नव्हते. जिथे चांगली माणसे होती तिथे उत्तम काम झाले. जिथे नव्हती तिथे काय झाले तेही मी पाहिले आहे. एका महाविद्यालयात केंद्र म्हणजे एक फलक, एक काचेचे कपाट आणि ८ मार्चची रांगोळी स्पर्धा. तेव्हा ताई, अभ्यासक्रमाचे नाव पाहून प्रवेश घेऊ नका. तिथे शिकवायला प्रत्यक्षात कोण आहे, हे आधी विचारा.

सुमेध_अ

मास्तरांना अनुमोदन. मी या विषयात एम.ए. केलेला मुलगा आहे (वर्गात आम्ही मुलगे एका बाकावर मावत होतो). घरी वडिलांना विषयाचे नाव सांगायला पहिले वर्ष लागले. तोवर 'समाजशास्त्रासारखे काहीतरी' यावर भागवले.

पुरुषांच्या विरोधात शिकवतात का, असे मला अजून विचारले जाते. आमच्या अभ्यासक्रमात पुरुषपण कसे घडवले जाते यावर स्वतंत्र भाग होता आणि त्यावर वर्गात सर्वांत जास्त बोललो आम्ही मुलगेच. बारावीत नापास झाल्यावर घर सोडून गेलेल्या मित्राविषयी त्याआधी मी कुणाशीच बोललो नव्हतो.

तरीही सगळे गोड होते असे लिहिणार नाही. मृण्मयीने वर जातीचा मुद्दा मांडला, तो अभ्यासक्रमात निश्चित असतो. 'दलित स्त्रिया वेगळे बोलतात' ही मांडणी करणारा रेगे यांचा १९९८ चा निबंध आम्ही बारकाईने वाचला. पण त्या तासाला वर्गातल्या सगळ्या नजरा आम्हा चौघापाचांकडे वळत. जणू आम्ही परिशिष्ट होतो. सवर्ण मैत्रिणींनी आपल्या घरातल्या सोयरिकी जातीतच का जुळतात यावर स्वतःहून बोलावे, ही अपेक्षा क्वचित पूर्ण झाली. आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधात जात टिकते ती स्त्रियांवरच्या बंधनांतून, हे दाखवून दिले आहे. म्हणजे प्रश्न सगळ्यांच्याच घरातला आहे. एका शिक्षिकेने मग पद्धतच बदलली. प्रत्येकाने आपल्या घरातल्या तीन पिढ्यांतली लग्ने मांडून आणायची, आणि सुरुवात आमच्यापासून करायची नाही. तो तास फार अवघड गेला. तसे तास आणखी हवे होते.

मृण्मयी

सुमेध, हे खरे आहे. आमच्या तुकडीतही असेच होत असे, आणि ते बोलून दाखवल्यावर वर्गात जी शांतता पसरे तिचीही चर्चा व्हायला हवी होती.

वैशाली_गेवराई

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण या धाग्यावर लिहावेसे वाटले. माझा एम.ए.चा प्रबंध ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांवर होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि त्यांतल्या बऱ्याच सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जातात, त्यामुळे ऋजुताताईंनी त्यांच्या खोप्या पाहिल्या असतील.

मुकादम (टोळीचा ठेकेदार) उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. हिशेब टनावर, नाव नवऱ्याचे, अंगठा नवऱ्याचा. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. त्याआधी पहाटे उठून पाणी आणि भाकरी तिचीच, आणि रात्री गाडी भरायला आली तर तेव्हाही ती हवीच. मजूर म्हणून तिचे स्वतंत्र नाव कुठल्याच कागदावर नसते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि तो दोघांच्या हिशेबातून कापला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या आणि शासनाने चौकशी समिती नेमली. तेव्हा बहुतेक चर्चा डॉक्टरांच्या लोभावर झाली. तो होताच. परंतु पाळीच्या दिवसांत किंवा पोटात दुखत असताना विश्रांती घेतली की खाडा, फडात ना आडोसा ना पाणी, आणि उचल फिटेपर्यंत सुटका नाही, हे सगळे एकत्र मांडल्याशिवाय पंचविशी-तिशीतली बाई पिशवी काढून टाकायला 'स्वखुशीने' कशी तयार होते, हे कळत नाही.

मी याच गावची, माझ्या चुलत्यांची टोळी जाते. हे सगळे मी लहानपणापासून पाहत होते. पण मजुरीचा हिशेब कोयत्यावर ठेवल्यामुळे बायकोची मजुरीच दिसेनाशी होते, हा प्रश्न मला प्रबंधाचा आराखडा लिहिताना प्रथम पडला. मार्गदर्शिकेने विचारले होते, की आकस्मिक विधवा झालेली किंवा नवऱ्याने टाकलेली बाई तोडीला कशी जाते? मी उत्तर शोधायला गेले, तर ती जाते ती अर्धा कोयता म्हणून, किंवा भावाबरोबर, मुलाबरोबर जोडी लावून. तिथून पुढे सगळा प्रबंध उलगडला.

बाळकृष्ण दादा, नोकरीविषयी आपण म्हणालात ते निम्मे बरोबर आहे. प्राध्यापकाच्या जागा अत्यंत थोड्या. स्त्री अभ्यास हा नेट परीक्षेचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा) स्वतंत्र विषय आहे, मी ती उत्तीर्ण आहे, तरी अजून तासिका तत्त्वावरच शिकवते. माझ्या बरोबरीच्या मुली मात्र बचतगटांच्या कामात, आरोग्याच्या प्रकल्पांत आणि समुपदेशन केंद्रांत लागल्या आहेत. पगार फार नाही, पण रिकामे कुणी बसलेले नाही.

बाळकृष्ण_नाशिक

वैशालीताई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. अभ्यास असा असेल तर माझा आक्षेप नाही. नोकरीचा मुद्दा मात्र कायम ठेवतो. नेट उत्तीर्ण व्यक्तीला तासिकेवर राबवणे हा विषयाचा दोष नसून व्यवस्थेचा आहे असे कुणी म्हणेल, पण फी भरणाऱ्या पालकाला त्याने दिलासा मिळत नाही.

जुना_मास्तर

थोडे विषयांतर, पण फार लांबचे नाही. 'घरी चार पुस्तके वाच' या सल्ल्यावर लिहायचे राहून गेले. घरी वाचायची पुस्तकेसुद्धा कुणीतरी शोधून काढावी लागतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्ये छापले गेले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला ताराबाईंनी दिलेले ते उत्तर आहे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या नियतकालिकात ताराबाईंची पाठराखण केली. पण पुढे पुस्तक असे विस्मरणात गेले, की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत कुणाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. जवळजवळ शंभर वर्षे! आम्ही मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकलो त्यात ताराबाई नव्हत्या, आणि त्या नाहीत हे आम्हाला जाणवतही नव्हते.

पणजीकर

गोव्यातून थोडी भर घालतो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेली नागरी संहिता आहे आणि मुलीला संपत्तीत मुलाइतकाच वाटा आहे, म्हणून बाहेरचे लोक आमचे कौतुक करतात. पदव्युत्तर वर्गात असताना एका बाईंनी आम्हाला नोटरीकडच्या कागदांकडे बघायला सांगितले. किती बहिणी वाटा घेतात यापेक्षा किती बहिणी तो सोडून दिल्याचा दस्त करतात, आणि कधी करतात, ते बघा. आमच्या स्वतःच्या घरातला दस्त मी तेव्हा प्रथम वाचला. माझ्या आत्याची सही तिच्या लग्नाच्या महिन्यातली होती.

ऋजुता_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

पणजीकरांचा प्रतिसाद कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि टेबलावरच्या फायली पुन्हा काढून बसले. शेतजमीन तारण ठेवून कर्ज मागताना आम्ही सातबारा आणि फेरफार तपासतो आणि बहिणींची नावे असतील तर हक्कसोडपत्र मागतो. आमच्या दृष्टीने तो तारण निर्वेध करण्याचा कागद आहे, आणि ते लवकर आले तर आम्ही खूश असतो. हिंदू वारसा कायद्यातील महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क मिळाला, हे मी बँकेच्याच परीक्षेसाठी पाठ केले होते. तो हक्क आमच्या काउंटरवर येऊन सुटतो, आणि त्यावर शिक्का मारणारी मी असते. मोबदल्याच्या रकान्यात बहुधा काही नसते. 'बंधुप्रेमापोटी' असे लिहिलेले असते.

वैशालीताई, आमच्या बँकेची तोडणी-वाहतूक ठेकेदारांना कर्जे आहेत. त्या प्रस्तावांना टोळ्यांची यादी जोडलेली असते. आता ती यादी मी वेगळ्या नजरेने पाहीन.

प्रत्यक्ष निर्णयाबद्दल: वकीलबाईंचे आणि मृण्मयीताईंचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात जात असले, तरी मला दोन्ही घ्यावेसे वाटतात. पूर्ण एम.ए. आत्ता जमणार नाही. प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून सुरुवात करावी की इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) दूरशिक्षणाचे एम.ए. घ्यावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

मृण्मयी

ताई, प्रमाणपत्रापासून सुरुवात करा आणि ते शक्यतो जिथे समोरासमोर बसून बोलता येईल असे निवडा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही स्त्री अभ्यासाचे केंद्र आहे आणि ते तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ पडेल. तिथे सध्या कोणते वर्ग चालतात आणि मास्तरांनी म्हटल्याप्रमाणे शिकवायला कोण आहे, याची चौकशी करा. इग्नूचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते, त्यासाठी प्रवेश घ्यावाच लागतो असे नाही. महिनाभर वाचून पाहा, म्हणजे इंग्रजी किती आड येते याचा अंदाज येईल.

आणि हक्कसोडपत्रांचा मुद्दा सोडू नका. वर्गात पहिला निबंध लिहायची वेळ आली, की विषय शोधत बसू नका. कर्जदारांची नावे व ओळख अर्थातच वगळायची, आणि फायली वापरण्याआधी बँकेची लेखी परवानगी घ्यायची. संशोधनाची नीती हा भागही शिकवतात, तो कंटाळवाणा असला तरी तास चुकवू नका.

सुमेध_अ

तिथे पोहोचलात की मागच्या बाकावर एखादा मुलगा दिसेल. त्याला बोलते करा.

तात्या_पंत

प्रस्तुत लेखकाने ९७ चे १०० करण्याचा संकल्प सोडला आहे. पुढील सर्वेक्षणात नोंद घ्यावी.

आरती_ठाणे

तात्या, तीन मिनिटांत चहा होतो. कप विसळण्याचे काय?

ऋजुता_सांगली

कोल्हापूरची चौकशी करते. वकीलबाई, जाता जाता एक शंका. आमच्याकडे साफसफाई आणि उपाहारगृहातल्या बायका ठेकेदारामार्फत येतात, आणि हजेरीपटावर त्या आमच्या नाहीत. त्यांच्यापैकी कुणी तक्रार घेऊन आली तर आमच्या समितीला ती घेता येते का? कार्यालयात मला सांगण्यात आले की ती ठेकेदाराची जबाबदारी आहे.

वकीलबाई

घेता येते, आणि घ्यावीच लागते. कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, मग मूळ मालकाला ते माहीत असो वा नसो, आणि शिकाऊसुद्धा. सगळ्या तीत येतात. शिवाय कामाच्या ठिकाणी त्रास झालेली स्त्री तिथली कर्मचारीच असली पाहिजे अशीही अट नाही, म्हणजे तुमच्या काउंटरवर आलेली खातेदार बाईसुद्धा तक्रार करू शकते. लैंगिक छळाचे दंडनीय परिणाम काय आहेत आणि समिती कोणत्या आदेशाने नेमली आहे, हे सांगणारा फलक दर्शनी भागात लावणे मालकावर बंधनकारक आहे. तो सध्या संचालक मंडळाच्या मजल्यावर असेल तर त्याची एक प्रत उपाहारगृहात आणि बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर मराठीतून लावून घ्या, आणि वाचता न येणाऱ्यांना तो स्वतः वाचून दाखवा.